खिडकीपलीकडचं स्टूल

समुद्रकाठच्या त्या गावात हंगामात माणसं यायची ती दोन कामांसाठी. एक पाण्यात पाय बुडवायला आणि दुसरं मासे खायला. पाय बुडवणं लवकर आटपायचं, त्यामुळे उरलेला सगळा दिवस खाण्यात जायचा. किनाऱ्याच्या रस्त्यावर एकीला लागून एक खानावळी होत्या. कुणी दारात रंगीत दिवे लावले होते, कुणी माशांचे मोठाले फोटो टांगले होते, एकाने तर गल्ल्यावर पोपट बसवला होता आणि तो गिऱ्हाइकांना शिव्या द्यायचा. काकूंच्या खानावळीत यातलं काहीच नव्हतं. तरी दुपारी तिथं बसायला जागा मिळवायची तर आधीची ओळख लागायची.

दारावर पाटी होती, पण तिची अक्षरं खाऱ्या वाऱ्याने केव्हाच खाऊन टाकली होती. लोक तिला नुसतं 'खिडकी' म्हणायचे. समुद्राकडे उघडणाऱ्या चांगल्या ऐसपैस खिडक्या असताना हे नाव पडलं होतं ते आतल्या एका हातभर रुंद खिडकीवरून. स्वयंपाकघर आणि बसायची जागा यांच्यामध्ये एक जाड भिंत होती आणि तिच्यात ताटं पलीकडे सरकवायला ही खिडकी होती. तिला लाकडी झडप होती. झडपेच्या अलीकडे चुली, वाफ आणि काकू. पलीकडे गल्ला, गल्ल्याशी एक उंच स्टूल आणि स्टुलावर काका.

या घराचा एक नियम होता, काकूंच्या सासूबाईंच्या वेळेपासूनचा. रांधणाऱ्याने चाखायचं नाही. 'सकाळपासून वाफेत उभ्या असलेल्या बाईची जीभ दमलेली असते, तिला सगळंच गोड लागतं,' असं सासूबाईंचं म्हणणं होतं. म्हणून चाखायचं ते भिंतीपलीकडच्या, वाऱ्यावर बसलेल्या माणसाने. रस्सा होत आला की काकू वाटीत पळीभर काढायच्या, खिडकीच्या फळीवर ठेवायच्या आणि झडप लावून घ्यायच्या. पलीकडून काका वाटी उचलायचे, चाखायचे आणि बोटाच्या पेराने झडपेवर वाजवायचे. एकदा टक म्हणजे ठीक आहे, वाढायला घे. दोनदा टकटक म्हणजे मीठ हवं. मीठ जास्त झालं तर काय करायचं याची खूणच नव्हती, कारण काकू आधीपासून हात आखडता ठेवायच्या. मीठ घालता येतं, काढता येत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

तोंडाने का नाही सांगायचं, असं नव्या माणसाला वाटायचं. त्याचं कारण काका. त्यांचा कानात सांगायचा आवाजसुद्धा धक्क्यावर ऐकू जायचा. 'अळणी झालंय गं' असं ते बोलले असते तर समोर बसलेल्या गिऱ्हाइकांनी चमचे खाली ठेवले असते.

आणखी एक खूण होती, तीन टकटकींची. शेवटचं गिऱ्हाईक तोंड पुसत बाहेर पडलं, की झडपेवर सावकाश तीनदा वाजायचं. त्याचा अर्थ, आता तू जेव. तेवढं वाजवून काका मोकळे व्हायचे नाहीत. काकूंनी ताट घेऊन बसावं, जेवावं, ताट निपटल्याचा आवाज भिंतीपलीकडे यावा, मगच ते स्टुलावरून उठायचे. "रांधणारी उपाशी आणि चाखणारा ढेकर देतोय, हे आपल्या घरात चालायचं नाही," असं म्हणायचे. उठताना गुडघ्याने स्टूल गल्ल्याखाली सारायचे आणि मग स्वतः जेवायला आत यायचे. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण काकांच्या बाबतीत तसं म्हणायची गरज नाही. ते होतेच तसे. हट्टी, तापट, आणि बायको जेवल्याशिवाय न उठणारे.

मग एका ओल्या, आजारी महिन्यात दोघांनाही ताप आला. काका भर दुपारी स्टुलावरून उठले ते भिंत धरत खोलीत गेले. स्टूल गल्ल्याखाली सारायचं त्या दिवशी राहिलं. ते पुन्हा बाहेर आले नाहीत. काकू उठल्या, हिंडू-फिरू लागल्या, पण त्यांची चव गेली. गेली म्हणजे पार गेली. लिंबू चोखलं काय आणि दोरी चघळली काय, सारखंच. डॉक्टर म्हणाला येईल हळूहळू. एवढं बोलणं झालं ते काकूंमध्ये आणि डॉक्टरमध्ये. घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

खानावळ पुन्हा उघडली त्या दिवशी कामं वाटून झाली होती. मुलगा बाजार बघणार होता, गल्ला बघणार होता, सून वाढणार होती. पण चाखणार कोण, हे कुणी विचारलं नाही आणि काकूंनीही काढलं नाही. रस्सा उकळला. काकूंनी सवयीने वाटीत पळीभर काढला, फळीवर ठेवला, झडप लावली, आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. त्या तशाच उभ्या राहिल्या.

झडपेवर टकटक झालं. दोनदा.

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि मीठ घातलं. पुन्हा वाटी ठेवली. या वेळी एकदाच वाजलं. त्या दिवशी बाहेर जो तो म्हणाला, चव अगदी तीच आहे हं, काही म्हणता काही बदललं नाही.

तेव्हापासून हे असंच चाललं होतं. दुपार सरली, गिऱ्हाईक पांगलं, की तीन टकटकीही यायच्या. सावकाश, एकेक. काकूंनी झडप उघडून एकदाही पाहिलं नाही. शंका येत नव्हती असं नाही. शंका यायची, उंबऱ्यावर उभी राहायची, पण काकू तिला आत घेत नव्हत्या. दोनदा वाजलं की मीठ घालायचं, एकदा वाजलं की वाढायचं. फक्त तीनदा वाजलं की त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. ताट घ्यायच्या नाहीत. मागच्या दाराशी उभ्या राहून पावाचा तुकडा पाण्याबरोबर गिळायच्या, आवाज न करता. तोंडाला चव नाही तर ताट कशाला मांडायचं, असं स्वतःला सांगायच्या. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

स्टूल गल्ल्यापासून हातभर लांब, जसं सुटलं होतं तसंच राहिलं होतं. मुलाने स्वतःसाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती. बापाच्या स्टुलावर बसायचा धीर त्याला होत नव्हता.

भिंतीची गोष्ट निघाली ती या हंगामाच्या तोंडावर.

"आई, ही भिंत काढून टाकू," मुलगा म्हणाला. "आता सगळीकडे उघडं स्वयंपाकघर असतं. लोकांना रांधताना बघायला आवडतं. तुलाही समुद्र दिसेल. इतकी वर्षं समुद्राशेजारी राहतेस आणि बघतेस काय, तर काजळी."

"वारा लागेल चुलीला."

"मध्ये काच लावू."

"मासे तळल्याचा वास जाईल बाहेर."

"आई, लोक त्या वासानेच आत येतात."

मुलगा वाईट नव्हता. त्याने जे जे सांगितलं ते बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती. भिंत गेली म्हणजे झडप गेली, झडप गेली म्हणजे टकटक गेली. मग मीठ कुणाला विचारायचं? आणि मीठ जाऊ दे चुलीत, पण भिंतीपलीकडे जो आहे तो कुठे जाणार? हे मुलाला सांगायचं कसं? म्हातारीला भ्रम झाला म्हणाला असता. तेही प्रेमानेच म्हणाला असता, ते तर अधिकच वाईट.

"मला नाही आवडायचं," काकू एवढंच म्हणाल्या. मुलाने मान डोलावली आणि आठवड्याच्या आत गवंडी आणून उभा केला. "नुसतं बघून जाऊ दे गं," म्हणाला.

गवंडी आला तो ऐन रांधायच्या वेळी. बाहेर टेबलं भरत आली होती. काकूंनी वाटी ठेवली, झडप लावली. एकदा टक झालं. काकूंनी पळी उचलली. तेवढ्यात पुन्हा आवाज आला. टक टक. दोनदा, ठसठशीत.

काकू थबकल्या. आधी ठीक म्हणाले आणि आता मीठ? असं कधी झालं नव्हतं. पण माणूस आहे, बदलला विचार. काकूंनी मूठभर मीठ टाकलं. पुन्हा टक टक. या वेळी जरा खालून. काकांना राग आलाय की काय, असं त्यांच्या मनात आलं. भिंतीची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली असेल. काकूंनी पुन्हा मीठ टाकलं, आणि पुन्हा वाटी ठेवायचं भानच त्यांना राहिलं नाही. वाढायला घेतलं.

बाहेर पहिली वाटी गेली ती कप्तानाच्या टेबलावर. या माणसाने जन्मात होडीत पाऊल टाकलं नव्हतं. सगळी नोकरी टपाल कचेरीत झाली होती, पण डोक्यावर टोपी नावाड्याची, म्हणून तो कप्तान. दर हंगामाला यायचा आणि त्याच टेबलाशी बसायचा. त्याने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि चमचा खाली ठेवला.

"काकू," त्याने खिडकीकडे तोंड करून म्हटलं, "आज समुद्रच वाढलात का वाटीत?"

लोक हसले. मग त्यांनीही चमचे तोंडात घातले आणि हसायचे थांबले. एकामागून एक वाट्या परत आल्या. त्या खानावळीतून वाटी परत येण्याची ही पहिलीच वेळ. मुलाने हात जोडले, सगळ्यांना तळलेले मासे वाढले, वरून सरबत पाजलं, आणि तोंड एवढंसं करून गवंड्याबरोबर लाकडाच्या वखारीत निघून गेला. कप्तान जाताना म्हणाला, "चालायचंच. वर्षातून एकदा घोडासुद्धा अडखळतो." त्याने धीर दिला, पण काकूंना तो टोचला.

जागा रिकामी झाली. सून आत आली. काकू बटाट्यांच्या पोत्यावर बसल्या होत्या, पळी हातात तशीच.

"आई," सून म्हणाली, "मी तर एकदाच वाजवलं होतं."

"काय?"

"झडपेवर. रस्सा बेताचा झाला होता, मी चाखला, एकदा वाजवलं आणि ताटं घ्यायला वळले. मग तुम्ही मीठ कशाला घातलंत?"

"त्यानंतर दोनदा वाजलं ना," काकू म्हणाल्या.

"ते नंतरचं गवंड्याचं होतं," सून म्हणाली. "भिंत कुठे पोकळ आहे का ते ठोकून बघत होता. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

"तू वाजवतेस?" काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून?"

"मग कोण?" सून म्हणाली. "तुम्हीच तर वाटी ठेवलीत ना माझ्यासमोर? मी तिथंच उभी होते, फडकं घेऊन. मला वाटलं, आई तोंडाने म्हणायच्या नाहीत, पण बाबांचं काम त्यांनी मला दिलं. मला इतकं..." ती थांबली. "त्या दिवशी मी माहेरी जाऊन माझ्या आईला सांगितलं होतं, सासूबाईंनी मला चाखायला बसवलं म्हणून."

काकूंना आधी राग आला. सुनेचा नाही, स्वतःचा. ज्या टकटकीच्या आधारावर त्या रोज सकाळी उठत होत्या, ती या पोरीच्या बोटाची होती. आणि ही पोर ज्याला मान समजून बसली होती, तो मान तिला कुणी दिलाच नव्हता. दोघी एकाच झडपेच्या दोन बाजूंना उभ्या राहून दोन वेगळ्याच माणसांशी बोलत होत्या.

"पण वाट्या परत आल्या तेव्हा तरी तुम्ही चाखून..." सुनेने विचारलं आणि काकूंचा चेहरा बघून ती हळू झाली. "आई, तुम्हाला चव लागत नाही का?"

काकूंनी मान हलवली.

"कधीपासून?"

"तापापासून."

सून त्यांच्याशेजारी पोत्यावर टेकली. तिचा हिशेब मनात जुळत होता आणि जुळता जुळता तिच्या अंगावर काटा येत होता. "म्हणजे तुम्हाला वाटत होतं की बाबाच..."

"हसू नकोस."

"मी नाही हसत."

"वेडी म्हण हवं तर. आता कळलं ना, तूच होतीस. एकदाचीही तू, दोनदाचीही तू." काकूंनी पळी खाली ठेवली. "फक्त तीनदाचं तेवढं नको होतं करायला. तीनदा वाजायचं तेव्हा माझ्या जिवाचं पाणी व्हायचं, पोरी."

"तीनदा?" सून म्हणाली.

"सगळे गेल्यावर."

"आई, सगळे गेल्यावर मी वाळूवर असते. बाहेरच्या खुर्च्या आत घेत. रोजच." तिचा चेहरा उतरला. "तीनदा मी कधीच वाजवलं नाही. तीनची काही खूण आहे हेच मला माहीत नाही."

काकूंनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. पोर खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. खोटं बोलली की तिची मान लाल व्हायची, आणि आत्ता ती पांढरी पडली होती.

बाहेर कुणी नव्हतं. दार ओढलेलं होतं, खुर्च्या अजून वाळूवरच होत्या. भर दुपारचं ऊन खिडक्यांतून टेबलांवर पडलं होतं. लाटांचा आवाज तेवढा येत होता.

टक.

सुनेने काकूंचा हात धरला.

टक. मग मध्ये थोडा वेळ, पेर उचलून विचार करावा तेवढा. टक.

दोघींनी ऐकलं. इतके दिवस जे काकूंनी एकटीने ऐकलं होतं ते आज दोघींनी ऐकलं, आणि काकूंना एकदम भीती वाटली, जी आधी कधी वाटली नव्हती. आता हे खरं होतं.

"उघडू झडप?" सूनबाई ओठांनीच म्हणाली.

"नको."

"काय म्हणतायत?"

"जेव म्हणतायत." काकूंनी डोळे मिटले. मग भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. तीनचा अर्थ, स्टुलावर बसून राहण्याचा हट्ट, ताटाचा आवाज ऐकल्याशिवाय न उठणं, आणि मागच्या दाराशी चोरून गिळलेला पाव.

"म्हणजे बाबा तेव्हापासून बसूनच आहेत?"

"बसून आहेत."

"उपाशी?"

"उपाशी," काकू म्हणाल्या.

"आई, हे बरोबर नाही," सून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग. "तुम्हाला कळत होतं तरी तुम्ही त्यांना बसवून ठेवलंत?"

"मी जेवले असते तर उठले असते ना ते," काकू म्हणाल्या. "उठले असते, आणि मग? मी कुणासाठी रांधू? चव लागत नाही, घास उतरत नाही. सगळ्या दिवसात माझ्या कानावर त्यांचं एवढंच काय ते येतं. तेही घालवू?"

सून उठली, फडताळातून काकूंचं जुनं ताट काढलं आणि पदराने पुसलं. त्यावर धूळ बसली होती. तिने भात वाढला. रस्सा वाढताना तिचा हात अडला.

"हा खारट आहे. दुसरं काही करते."

"वाढ तोच. मला काय फरक पडतोय?"

काकू भिंतीशी पाट घेऊन बसल्या, झडपेच्या अगदी खाली, पूर्वी बसायच्या तिथं. पहिला घास हातात घेऊन त्या बसून राहिल्या. त्यांना आतून ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, अजून थोडं बसा, एवढा हंगाम तरी. पण काकांना हंगामभर स्टुलावर बसून पाठ दुखायची, हे त्यांना आठवलं. हे इतके दिवस आपल्याला का आठवलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

त्यांनी घास तोंडात घातला. काही लागलं नाही. दुसरा घातला. त्या सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवल्या, आणि मग बोटांनी ताट निपटलं, मुद्दाम, चांगला आवाज होईल असं.

भिंतीपलीकडे लाकूड करकरलं. जड माणूस बसल्या जागेवरून उठताना करकरतं तसं. मग फरशीवरून काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि थांबला.

काकूंनी भिंतीला तळहात लावला. बराच वेळ लावून ठेवला. भिंत नुसती चुलीने तापलेली होती.

शेवटी सूनच उठली आणि तिने झडप उघडली. वाऱ्याचा एक झोत आत आला. तिने वाकून पाहिलं आणि काही न बोलता बाजूला झाली, काकूंना दिसावं म्हणून. स्टूल गल्ल्याखाली नीट सारून ठेवलेलं होतं.

"तुला एक सांगू?" काकू म्हणाल्या. "उद्यापासून तू मला तोंडाने सांगत जा. मीठ कमी तर कमी, जास्त तर जास्त. लोकांनी ऐकलं तर ऐकू दे."

"हो," सून म्हणाली. मग चाचरत तिने विचारलं, "म्हणजे चाखायचं काम माझंच ना?"

"तुझंच. आता मी म्हणतेय."

संध्याकाळच्या आधी मुलगा परत आला. दुपारचा प्रकार आईने मनाला लावून घेतला असेल म्हणून येताना तिच्यासाठी संत्री घेऊन आला होता. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "आई, मी विचार केला. तुला नको असेल तर राहू दे भिंत. गवंड्याला नाही म्हणून सांगतो."

काकू आपलं ताट धूत होत्या. ते त्यांनी उपडं घातलं आणि हात पुसले.

"पाड," त्या म्हणाल्या. "तिथं आता कुणी बसत नाही."